कादंबरीतली तारीख, वार आणि वाट : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापुरातली आणि आसपासच्या तालुक्यांतली लिहिणारी माणसं आपली बाडं माझ्याकडे वाचायला पाठवतात. भाषेबद्दल, पात्रांबद्दल बोलणं होतं, पण फिरून फिरून प्रश्न येतात ते एकाच गोष्टीचे: काळाचा हिशोब कसा ठेवायचा आणि कोण कधी कुठे होतं हे कसं सांभाळायचं. तेच प्रश्न इथे उत्तरांसह एकत्र केले आहेत. उत्तरं सुटी वाचली तरी चालतील. जिथे दोन प्रश्न एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. कादंबरी म्हणजे कल्पनाच की. मग तारीख-वार इतका काटेकोर कशाला?

वाचक कल्पनेवर विश्वास ठेवायला तयार असतो, पण ज्या रस्त्याने तो स्वतः जातो त्या रस्त्यावर त्याला फसवता येत नाही. सकाळी सातला गंगावेशीच्या दूधकट्ट्यावर उभं असलेलं पात्र साडेसातला गडहिंग्लजच्या बाजारात दिसलं, तर इथला वाचक तिथेच थांबतो. सत्तरेक किलोमीटर अंतर आहे ते. एकदा थांबलेला वाचक पुढच्या पानावरच्या रडण्यावरही विश्वास ठेवत नाही.

मला त्याहून मोठं वाटणारं कारण वेगळं आहे. एका बाडात पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलीला वडील गेल्याचं कळतं आणि पुढच्याच परिच्छेदात ती आजऱ्याजवळच्या गावात दारात उभी असते. साल होतं १९८३. मी लेखिकेला एवढंच विचारलं, “ती आली कशी?” तिने हिशोब केला. निघायला संध्याकाळ झाली, कोल्हापूरला पोचेपर्यंत गावाकडची शेवटची एसटी गेलेली, म्हणजे पहाटेपर्यंत स्टँडवर बसून राहणं आलं. ती रात्र तिने लिहिली. अख्ख्या कादंबरीतलं सर्वांत चांगलं प्रकरण तेच झालं. पात्र मधल्या वेळात कुठे होतं हे शोधताना पात्र सापडतं, आणि हा सगळा खटाटोप त्यासाठी आहे.

२. आधी घटनाक्रम आखू की आधी लिहून काढू?

आधी तीन-चार खुंट्या ठोका: गोष्ट कुठल्या वर्षी आणि कुठल्या महिन्यात सुरू होते, कधी संपते, मधल्या एक-दोन न हलणाऱ्या घटना कोणत्या. मग लिहायला लागा. दिवसाचं लेखन संपलं की त्या दिवसाच्या प्रसंगांची नोंद वहीत करा. दहा मिनिटं पुरतात. ही नोंद महिनाभर साचू दिली तर पुन्हा अख्खं बाड वाचावं लागतं.

लिहिण्याआधी दोनशे प्रसंगांचा तक्ता करणारे लोक मी पाहिले आहेत. बहुतेकांचा उत्साह तक्त्यातच खर्ची पडला.

३. वहीत नेमकं काय लिहायचं?

प्रत्येक प्रसंगाला एक ओळ. त्यात तारीख आणि वार, वेळ, ठिकाण, कोण हजर आणि या प्रसंगात कोणाला कोणती नवी गोष्ट कळली. शेवटी एक रकाना अंगावरच्या आणि हातातल्या गोष्टींसाठी: उजव्या हाताला पट्टी, खिशात चिठ्ठी, गाडी गॅरेजमध्ये.

हा शेवटचा रकाना लोक गाळतात. कोल्हापूर सिनेमाचं गाव आहे, प्रभात फिल्म कंपनी १९२९ मध्ये इथेच उभी राहिली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. त्यामुळे चित्रीकरणावर काम केलेलं कोणी ना कोणी तुमच्या ओळखीत सापडेल. त्यांना कंटिन्युइटीबद्दल विचारा. प्रसंग उलटसुलट क्रमाने चित्रित होतात, म्हणून बाही दुमडलेली होती की सोडलेली, हे लिहून ठेवणारा एक माणूस तिथे असतो. कादंबरीही सलग लिहिली जात नाही. दोन प्रसंगांच्या मध्ये तुमचे चार महिने गेलेले असतात, पात्राचे चार तास.

४. वही बरी, एक्सेल बरं, की तयार सॉफ्टवेअर?

जे तुम्ही रोज उघडाल ते. प्रसंग पुढेमागे करायचे असतील तर एक्सेलमध्ये ओळी हलवणं सोपं जातं. हाताने लिहिणाऱ्यांनी पोस्टकार्डाच्या आकाराचे तुकडे कापून भिंतीवर लावावेत. सॉफ्टवेअर शिकण्यात पंधरा दिवस घालवू नका.

५. माझी सात पात्रं सतत फिरतीवर असतात. कोण कुठे आहे ते एका नजरेत कसं दिसेल?

रेल्वेचे कंट्रोलर गाड्या कागदावर कशा मांडतात ते पाहा. आडव्या रेषेवर वेळ आणि उभ्या रेषेवर स्टेशनं. कोल्हापूर, रुकडी, हातकणंगले, जयसिंगपूर, मिरज अशी एकाखाली एक. प्रत्येक गाडी म्हणजे एक तिरकी रेघ. गाडी थांबली की रेघ आडवी होते. दोन रेघा एकमेकींना छेदतात तिथे दोन गाड्या समोरासमोर आल्या.

हाच कागद तुमच्या पात्रांसाठी करा. डाव्या बाजूला कादंबरीतली ठिकाणं शक्यतो अंतराच्या प्रमाणात लिहा, वर दिवस किंवा तास लिहा आणि प्रत्येक पात्राला वेगळ्या रंगाची रेघ द्या. चुका आपोआप उठून दिसतात. रेघ जवळजवळ उभी झाली म्हणजे पात्र अशक्य वेगाने गेलं. एकाच रंगाच्या दोन रेघा एकाच वेळी दोन गावांत दिसल्या तर काय झालं ते सांगायला नको. आणि पाच-सहा दिवस कोणतीच रेघ नसलेला रंग म्हणजे तुम्ही विसरलेलं पात्र.

मला सर्वांत आवडणारी गोष्ट पुढची. दोन रेघा अनपेक्षितपणे छेदताना दिसतात. नायकाचा भाऊ आणि सावकार एकाच दुपारी जयसिंगपूर स्टेशनवर होते, हे तुम्हाला माहीतच नव्हतं. ते भेटले का? एकमेकांना पाहून तोंड फिरवलं का?

सगळ्या कादंबरीचा असा कागद करू नका. गर्दीच्या चार-पाच दिवसांचा केला तरी काम होतं.

६. जुन्या काळात एका गावाहून दुसऱ्या गावाला किती वेळ लागत असेल, हे कसं ठरवू?

अंतर आजच्या नकाशावरून घ्या, वेळ मात्र घेऊ नका. मोबाइल जे दाखवतो ते आजच्या रस्त्यावरून, आजच्या गाडीने. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ मध्ये पूर्ण झाला, त्याआधीचं पात्र जुन्या रस्त्याने खंडाळ्याचा घाट चढणार. माणूस चालतो तासाला चार-पाच किलोमीटर, भरलेली बैलगाडी त्याहून हळू.

मग वाहन कोणतं, ते ठरवा. एसटी १९४८ पासूनची. आमच्या भागातल्या कादंबरीला मुक्कामी गाडीचं फार मोठं देणं आहे: रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे परत जाते. ती चुकली की रात्र चुकली. वडापची, म्हणजे खासगी प्रवासी वाहतुकीची, जीप भरल्याशिवाय सुटत नाही, म्हणून तिची वेळ कधीच ठाम लिहू नका. लेखकाला हे सोयीचंच आहे, पात्राला उशीर व्हायला हवा असेल तर वडापमध्ये बसवा. गावातल्या साठीपुढच्या माणसांना विचारा. शेवटची गाडी किती वाजता यायची, हे चाळीस वर्षांनीही त्यांच्या ओठांवर असतं.

७. माझी गोष्ट पावसाळ्यात घडते. महापूर दाखवलाच पाहिजे का?

वर्ष सांगितलं असेल तर हो. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन पावसाळ्यांत कोल्हापूर परिसरातली कादंबरी कोरडी राहू शकत नाही. जुलै २००५, ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आहे आणि धोका पातळी ४३ फूट. हे आकडे इथल्या माणसाच्या रोजच्या बोलण्यात असतात, तुमच्या पात्राच्याही असावेत. शिरोलीजवळ पाणी आलं की पुणे-बंगळूर महामार्ग बंद होतो. २०१९ मध्ये तो कित्येक दिवस बंद होता. अशा दिवशी पात्राला पुण्याहून गाडीने आणलंत तर पूर न दाखवण्यापेक्षा मोठी चूक होते.

पूर नको असेल तर वर्ष बदला किंवा प्र. १४ पाहा.

८. प्रवास जमला. पण “त्याला हे कसं माहीत?” असं वाचक विचारतात.

प्रवासानंतरची सर्वांत मोठी चूक हीच, आणि ती सापडायला जास्त अवघड. माणसासारखीच बातमीही वाटेने जाते. तिलाही वाहन लागतं आणि वेळ लागतो. म्हणून वहीत “कोणाला काय कळलं” हा रकाना आहे (प्र. ३).

काळानुसार बातमीचं वाहन बदलतं. तार पोचायची, पण खेड्यात ती घेऊन कोणीतरी सायकलवर यावं लागायचं. ट्रंक कॉल, म्हणजे बाहेरगावचा फोन, नोंदवून वाट बघत बसावं लागायचं. गावात एकच फोन असेल तर ज्याच्या घरी तो आहे त्याला बातमी सर्वांत आधी कळते, आणि या एका गोष्टीवर उपकथानक उभं राहतं. भारतात मोबाइल १९९५ मध्ये आला, पण आधी मोठ्या शहरांत, आणि २००३ पर्यंत आलेल्या कॉललाही पैसे पडायचे. त्यामुळे २००१ मधलं कॉलेजचं पोरगं तासभर मोबाइलवर बोलत असेल, तर बिल कोण भरतं हे सांगा. तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

तपासायची सोपी रीत आहे. एक गुपित निवडा. ते ज्याला ज्याला कळलं त्यांची नावं क्रमाने लिहा आणि प्रत्येक नावापुढे कोणाकडून आणि कधी कळलं ते लिहा. साखळीत एक जरी कडी रिकामी असली, तरी तिथून पुढचे सगळे संवाद तपासायला लागतात.

९. सणाची तारीख अंदाजाने लिहिली तर चालेल का?

नाही. दिवाळी दर वर्षी सरकते. २०१५ मध्ये लक्ष्मीपूजन ११ नोव्हेंबरला होतं, २०१६ मध्ये ३० ऑक्टोबरला. अधिक महिना आला की सगळे सण पुढे जातात. २०२३ मध्ये श्रावण अधिक होता, २००४ मध्येही. १९ वर्षांनी तिथी आणि तारखा जवळजवळ पुन्हा जुळतात, त्याचं हे उदाहरण. त्या वर्षाचं जुनं पंचांग किंवा दिनदर्शिका मिळवा. घराघरांत खिळ्याला एकावर एक लटकवलेली सापडतात.

वारासाठी सोपी युक्ती म्हणजे १९७५ आणि २०२५ यांच्या तारखा-वार सारखे आहेत. असं जुळणारं वर्ष शोधून ते कॅलेंडर समोर ठेवा. तिथी मात्र त्यावरून घेऊ नका.

अंबाबाईचा किरणोत्सव, म्हणजे मावळतीची किरणं गाभाऱ्यात देवीपर्यंत पोचतात ते दिवस, याच्या उलट आहे. तो सूर्यावर चालतो, म्हणून ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर या तारखा ठरलेल्या, वेळ मावळतीची. एका बाडात मे महिन्यात किरणं गाभाऱ्यात आली होती. आता ९ नोव्हेंबर २०१६ घ्या. किरणोत्सवाचा पहिला दिवस, आणि आदल्या रात्री पाचशे-हजारच्या नोटा रद्द झालेल्या, बँका बंद. देवळाबाहेर हार घ्यायला थांबलेल्या पात्राच्या हातात कोणती नोट होती? ही जुळणी मला कॅलेंडर उघडल्यावरच दिसली.

१०. चंद्राचं काय?

पौर्णिमेला सूर्य मावळताना चंद्र उगवतो आणि मग रोज साधारण पन्नास मिनिटं उशिरा. संकष्टीला उपास सोडायला नऊच्या सुमारास बाहेर येणारी तुमची आई हा नियम पाळतच आली आहे. वद्य अष्टमीला मध्यरात्र होते. अमावास्येनंतर दोन दिवसांनी मध्यरात्री चांदण्यात चालणारी नायिका खोटी पडते, कारण ती कोर संध्याकाळीच मावळलेली असते. आषाढात पौर्णिमा असली तरी ढग आहेत, हेही ध्यानात ठेवा.

११. ऐतिहासिक कादंबरी लिहितोय. एकाच घटनेच्या दोन तारखा सापडतात. कोणती खरी?

बहुधा दोन्ही. सतराव्या शतकात इंग्रज जुनी (ज्युलियन) कालगणना वापरत आणि पोर्तुगीज नवी (ग्रेगोरियन). दोघांत दहा दिवसांचा फरक. इंग्रजांनी १७५२ मध्ये नवी स्वीकारली. त्यामुळे सुरतेचं पत्र आणि गोव्याचं पत्र एकाच दिवशी लिहिलेलं असूनही तारखा वेगळ्या दिसतात. सगळ्या तारखा आधी एकाच गणनेत आणा. शकाचं इसवी सन करताना ७८ मिळवा. जानेवारी ते गुढीपाडवा या काळासाठी मात्र ७९.

जवळच्या इतिहासातही खाचा आहेत. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात युद्धामुळे भारतात घड्याळं एक तास पुढे होती. एरवी कोल्हापुरात जूनमध्ये सूर्य सातनंतर मावळतो, तेव्हा घड्याळात आठ वाजून गेलेले असत. भूमिगतांवर लिहिणाऱ्यांनी हे विसरू नये.

१२. ऊस, म्हैस, बाळंतपण यांत इतकं काय बघायचं?

यांना स्वतःचं घड्याळ असतं आणि ते लेखकाचं ऐकत नाही. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लागतो आणि सोळा ते अठरा महिन्यांनी तोडीला येतो. जानेवारी-फेब्रुवारीतली लागण, तिला ‘सुरू’ म्हणतात, ती साधारण बारा महिन्यांत. माझ्या पहिल्या कादंबरीत आडसाली लागण पुढच्याच दिवाळीनंतर, पाचव्या महिन्यात कारखान्याला गेली. करवीर तालुक्यातल्या एका शेतकरी वाचकाने पत्रातून ते दाखवून दिलं. त्याच उसाच्या बिलावर नायिकेचं लग्न ठरलं होतं, म्हणजे अख्खा उत्तरार्ध त्या चुकीवर उभा होता. ते पत्र मी अजून जपून ठेवलं आहे.

म्हैस दहा महिन्यांवर विते, गाय नऊ महिन्यांवर. बाईचे दिवस मोजताना जन्मतारखेपासून मागे या, आणि तेव्हा नवरा कुठे होता ते प्र. ५ च्या कागदावर पाहा. तो सहा महिने सीमेवर असल्याचं तीन बाडांत निघालं.

१३. पात्रांची वयं नेहमी चुकतात. उपाय?

वय लिहूच नका, जन्मसाल लिहा. वय प्रसंगाच्या सालातून वजा करून काढा. शाळेचंही तपासा. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मॅट्रिक म्हणजे अकरावी. त्याआधीचं पात्र “दहावी बोर्डाला” बसणार नाही.

१४. ताई, मी वर्ष सांगतच नाही. मग तर सुटले ना?

वर्षातून सुटलात, ऋतूतून नाही. वर्ष न सांगणं हा चांगला मार्ग आहे आणि मी तो बऱ्याचदा सुचवते, पण वस्तू वर्ष सांगतात. एक रुपयाच्या नाण्याचा फोन, स्मार्टफोन, पाचशेची जुनी नोट. एखादी वस्तू आली की वर्ष ठरलं. आणि आठवडी बाजार, शाळेची सुट्टी, गळीत हंगाम हे तर जुळायलाच हवेत.

१५. कथा मागे-पुढे उड्या मारते. घटनाक्रम कोणत्या क्रमाने ठेवू?

दोन ठेवा. घडलं त्या क्रमाने एक, सांगितलं त्या क्रमाने दुसरा. प्रसंगाला एकच क्रमांक द्या आणि तोच दोन्हीकडे वापरा. पहिल्यावरून शक्य-अशक्य तपासायचं. दुसऱ्यावरून वाचकाला काय आधी कळलं ते तपासायचं. पात्राला माहीत असलेली गोष्ट आणि वाचकाला माहीत असलेली गोष्ट यांची गल्लत इथेच होते.

१६. पोलीस आणि कोर्टाचे प्रसंग आहेत. तिथे काय सांभाळू?

अटक झालेल्याला प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यासमोर उभं करावं लागतं. दोषारोपपत्राला गुन्ह्यानुसार साठ किंवा नव्वद दिवस, ते गेले तर आरोपीला जामिनाचा हक्क. या मुदती तुमच्या गोष्टीचा ताण आपोआप बांधून देतात.

हायकोर्टाचं मात्र साल पाहा. कोल्हापूरचं सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ ला सुरू झालं. त्याआधीचा इथला पक्षकार मुंबईला जायचा: रात्रीचा प्रवास, सकाळी तोंड धुऊन कोर्ट आणि बऱ्याचदा नुसती पुढची तारीख घेऊन परत. वीस वर्षं चाललेल्या जमिनीच्या दाव्यात या फेऱ्या गाळल्या तर त्या माणसाचं अर्धं आयुष्य गाळलं.

१७. निवेदक म्हातारा आहे, त्याला नीट आठवत नाही. मग चुका चालतील?

त्याच्या चालतील, तुमच्या नाही. खरं काय घडलं याची वही बिनचूक हवी, म्हणजे तो कुठे घसरतो ते तुम्ही ठरवू शकता. आणि वाचकाला खूण द्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आजोबा म्हणतात, “उन्हाळ्यात अंगणात झोपलो होतो तेव्हा धरणी हलली.” आजी आतून म्हणते, “शेकोटी पेटवली होती की तुम्ही.” एवढं पुरे. खूण नसेल तर वाचक आजोबांना नाही, तुम्हाला चुकलेलं समजतो.

खोटं बोलणाऱ्या निवेदकालाही हेच लागू.

१८. संपादकांनी एक प्रसंग आठवडाभर पुढे न्यायला सांगितलं. आता काय काय बदलेल?

क्रमाने पाहा: वार, बाजाराचा दिवस, चंद्र, जखम किती भरली, मधल्या काळात कोणाला काय कळलं. मग “परवा”, “गेल्या सोमवारी”, “तीन दिवसांनी” असे शब्द बाडात शोधा. बहुतेक उरलेल्या चुका याच शब्दांत लपतात. दर वेळी प्रसंग नव्याने लिहायची गरज नसते. “तीन दिवसांनी”च्या जागी “त्याच पंधरवड्यात” चाललं तर तेवढंच करा. पण जिथे पात्र दिवस मोजत असेल, म्हणजे तेराव्याची, तारखेची किंवा निकालाची वाट बघत असेल, तिथे आकडा मोघम करू नका.

१९. पुस्तक छापून आलं आणि वाचकाने चूक दाखवली. आता?

आभार मानून उत्तर पाठवा. तुमच्या जवळच्या प्रतीत पेन्सिलने दुरुस्ती करा, पान क्रमांकासह प्रकाशकाला कळवा आणि दुसरी आवृत्ती निघताना पुन्हा आठवण करा, कारण तोवर तिकडचा माणूस बदललेला असतो. एका दुरुस्तीने पुढे काही हलत असेल तर प्र. १८ मधली तपासणी आधी करा. माझ्या त्या पहिल्या कादंबरीत (प्र. १२) ऊस सुरूचा केला, लागण जानेवारीत नेली आणि लग्न पुढच्या मार्गशीर्षातून फाल्गुनात गेलं.